व्हार्सुंडची सकाळ

समजा, तुमच्या बाईंनी आज वर्गात निबंध वाटले आणि सगळ्यांवरची नावं कागद चिकटवून झाकून टाकली. अक्षरावरून ओळखाल म्हणून निबंध टाइप करून आणले. विषय सगळ्यांना एकच, ‘आमची सहल’. आता सांगा बघू, तुमच्या जिवलग मैत्रिणीचा निबंध तुम्हाला ओळखता येईल का?

घाईनं नाही म्हणू नका. तिची सहल बस सुटण्याआधीच सुरू होते, कारण तिला आधी डब्यात काय होतं ते सांगायचं असतं. तिला धबधबा आवडला, की पुढच्याच वाक्यात ती चप्पल भिजल्याची तक्रार करते. दोन ओळींत तुम्ही म्हणाल, ही तीच. अक्षर लपतं, नाव लपतं, पण सांगायची सवय लपत नाही.

आता अशी कल्पना करा, की हेच काम एक यंत्र करतं, पण निबंधांचं नाही, संगणकाच्या प्रोग्रॅमचं. संगणकाला काम सांगायचं तर त्याचे तुकडे पाडावे लागतात. कुणी आधी शंका घेतो आणि मग हुकूम देतो. कुणी हुकूम देऊन मोकळा होतो आणि बिघडलं तर बघतो. यंत्र ही सवय मोजायचं. त्याला दोनशे ओळी दिल्या, की ते सांगायचं, हा हात अमक्याचा, शंभरात इतकी खात्री. त्याला सगळे पारखी म्हणत.

पारखीला एकच गोष्ट जमत नसे. प्रोग्रॅम लिहिला कुणी ते त्याला कळे, जगात सोडला कुणी ते कळत नसे. चोर दुसऱ्याचा दोनशे ओळींचा प्रोग्रॅम उचलत, त्याला स्वतःच्या दहा-अकरा ओळी जोडत आणि सोडून देत. दहा-अकरा ओळींवरून पारखी कुणालाच ओळखू शकत नव्हतं. म्हणजे सुरी घडवणारा सापडे, भोसकणारा सापडत नसे. मग एकशेबारा देशांच्या शहाण्या माणसांनी एकत्र बसून करार केला, की जो सापडतो त्यालाच शिक्षा करायची. ज्या देशाचं नुकसान झालं, त्यानं लिहिणाऱ्याचं नाव सांगायचं. लिहिणाऱ्याच्या देशानं त्याला बहात्तर तासांत हवाली करायचं. नाही केलं, तर त्या देशाच्या तारा तोडायच्या: विमानं, बँका, औषधांची जहाजं, सगळं बंद.

असा तो काळ होता. आणि सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं गल्लीगल्लीत टॉवेलचे माग खडखडत असतात, तिथं श्रीलता येमूल नावाची एक मुलगी राहत होती. ती तेवीस वर्षांची होती आणि विद्यापीठात शिकत होती. अभ्यासक्रम नवीनच होता. सकाळी सायबर सुरक्षा, म्हणजे संगणकाची दारं कशी फोडतात आणि कशी राखतात ते, आणि दुपारी आंतरराष्ट्रीय धोरण, म्हणजे देश एकमेकांशी काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात ते.

डिसेंबरातल्या एका बुधवारी, सकाळी दहाला तिला विभागात बोलावणं आलं. विभागप्रमुखांच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. सुती साडी, कपाळावर चष्मा चढवलेला, समोर थंड झालेला चहा.

“मी टेंभेकर. कर्तृनिश्चिती कक्षातून आलेय, दिल्लीहून. बस.”

श्रीलता बसली. प्रोग्रॅम कुणाच्या हातचा ते ठरवणाऱ्या या कक्षाचं नाव तिनं परीक्षेत चार वेळा लिहिलं होतं.

“व्हार्सुंडचं वाचलंयस ना?”

वाचलं नव्हतं असा माणूस शोधून सापडला नसता. व्हार्सुंड हे पार उत्तरेला, समुद्राकाठी वसलेलं चार हजार वस्तीचं गाव. दोन डिसेंबरला तिथली ऊब देणारी सगळी यंत्रं एकामागून एक बंद पडली. बॉयलर, पंप, अडीअडचणीला ठेवलेली जादा यंत्रंसुद्धा. बाहेर उणे चोवीस. सकाळपर्यंत एकतीस माणसं गेली होती, बहुतेक म्हातारी, काही तर स्वेटर घालता घालता.

“त्या प्रोग्रॅमचा हात पारखीनं ओळखलाय,” टेंभेकर बाई म्हणाल्या. “तुझा आहे. एक्क्याण्णव टक्के.”

या शाखेत प्रवेश घेताना प्रत्येकाच्या हाताचा नमुना नोंदवून घेत. श्रीलतानं हसत हसत नोंदवला होता.

“मॅडम, मी असलं काही लिहिलेलं नाही.”

“सगळे असंच म्हणतात, त्यात तुझा दोष नाही. एक्क्याण्णवला हवालीही करता येत नाही, पंचाण्णव लागतात. म्हणून पडताळणी. शनिवारी सकाळी तू आमच्यासमोर लिहायचंस. तुझ्या घरात जे राहतात त्यांनी, आणि तू ज्यांना कधी शिकवलंयस त्यांनीही. पंचाण्णवच्या वर जो जाईल, तो जाईल. कुणीच नाही गेलं, तर देशाच्या तारा तुटतील.” त्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “सगळ्यात क्रूर काय आहे, सांगू? तो प्रोग्रॅम यंत्रांना कायमचं मारत नाही. झोपवतो. आणि सूर्य उगवल्याशिवाय उठवत नाही. ध्रुवाजवळच्या गावात, डिसेंबरात! तिथला सूर्य एकदम वीस जानेवारीला उगवणार. त्यांच्या संसदेत म्हणालेत, मारलं ते मारलं, वर आमची थट्टा केली.”

 त्या क्षणी श्रीलताला कळलं, प्रोग्रॅम कुणी लिहिलाय.

सहस्रानं. तिच्या दहा वर्षांच्या भाचीनं, थोरल्या भावाच्या मुलीनं.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. वहिनी रोज ओरडायची, की दिवे, पंखे, टीव्ही सगळं चालू ठेवून ही पोरगी झोपते. म्हणून सहस्रानं ‘झोपी जा’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो घरातल्या प्रत्येक यंत्रापाशी जायचा, त्याला हाक मारायचा, ते जागं असेल तर झोप म्हणायचा, आणि मग पुन्हा एकदा विचारायचा, झोपलास ना? पुन्हा विचारायची ही खोड सहस्राची स्वतःची. बाकी सगळं तिला आत्यानं शिकवलेलं. आधी हाक मार, मग काम सांग. एक काम संपलं की एक ओळ कोरी सोड. “ती श्वासाची ओळ,” आत्या म्हणायची, “तिथं थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढं.”

“आत्या, बाबा मध्येच टीव्ही लावतात गं. मोठ्यांनीपण उठवायचं नाही, असं करू?”

“कर की.”

“मग उठायचं कधी? सकाळी?”

“सकाळ म्हणजे काय, ते यंत्राला सांगावं लागेल.”

सहस्रानं पेन्सिल चावत विचार केला होता. “सूर्य उगवला की सकाळ.”

“शाब्बास!” आत्या म्हणाली होती. “यंत्राला आपण कुठल्या गावात आहोत ते ठाऊक असतं. त्यावरून सूर्योदयाची वेळ काढता येते.” आणि तिनं स्वतः बसून प्रोग्रॅम तपासला होता. सोलापूरच्या मुलीला आणि सोलापूरच्या आत्याला सूर्य उगवणार नाही अशी शंका कशी यावी? सोलापुरात सूर्याची कमतरता कुणाला कधी भासली आहे?

मग सहस्रानं तो प्रोग्रॅम मुलांच्या देवाणघेवाणीच्या, इंटरनेटवरच्या फळ्यावर टाकला होता. तिथं मुलांची नावं लावत नसत, मुलांच्याच सुरक्षिततेसाठी. महिन्यानं फळा पुसला जाई. त्या महिन्याभरात कुणीतरी तो उचलला, त्याला आपल्या अकरा ओळी जोडल्या आणि व्हार्सुंडला नेऊन सोडला.

*

प्राध्यापक सदावर्ते दुपारी आपल्या खोलीत एकटेच डबा खात होते. आंतरराष्ट्रीय धोरण तेच शिकवत. करार झाला तेव्हा भारताच्या प्रतिनिधींना सल्ला द्यायला तेही गेले होते.

त्यांचा गुरुवारचा तास प्रसिद्ध होता. त्या तासाला चिठ्ठ्या काढायच्या आणि स्वतःला पटतं त्याच्या नेमकं उलट मांडायचं. सर म्हणत, “समोरच्याच्या डोक्यात शिरता आलं नाही, तर वाटाघाटी करायच्या कशा?” दोन वर्षांपूर्वी श्रीलताला चिठ्ठी आली होती, ‘कराराच्या शिक्षेतून मुलांना सूट नको.’ तिला ती सूट हवी होती. पण खेळ तो खेळ. तिनं आठवडाभर जागून टिपण लिहिलं. सूट ठेवली, तर प्रत्येक देश आपली हत्यारं मुलांच्या हातून लिहून घेईल. आज एखादं मूल पकडलं जाईल म्हणून आपण हळहळतो, उद्या हजारो मुलांना शाळेतून उचलून संगणकासमोर बसवतील. मुलांना वाचवायचं असेल, तर सूट काढा.

वर्गात कुणाला उत्तर देता आलं नाही. सरांनी ते टिपण बॅगेत घातलं आणि वाटाघाटींना नेलं. तिथंही कुणाला उत्तर देता आलं नाही. त्याचं चौदावं कलम झालं. बातमी आली, तेव्हा श्रीलताच्या भावानं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते.

“सर,” श्रीलता दारातूनच म्हणाली, “चौदाव्या कलमाला पळवाट आहे का?”

सदावर्ते सरांचा घास हातातच राहिला. टेंभेकर बाई आल्याचं त्यांना ठाऊक होतं. 

“तूच ठेवली नाहीस,” ते म्हणाले.

“हेतूचा विचार? वयाचा नाही, हेतूचा?”

“पारखीला हेतू मोजता येत नाही. म्हणून करारात हेतू नाही. हे मीच तुम्हाला शिकवलं, पहिल्या वर्षी.”

“सर, समजा एखाद्या मुलानं...”

“थांब!” त्यांनी डबा बाजूला सरकवला. “नाव घेऊ नकोस. मला कळलं तर मला कळवावं लागेल. मी सल्लागार आहे, शपथ घेतलीय.” मग आवाज उतरला. “मोठ्या माणसाला वीस वर्षं. मुलाला अठरा पुरी होईपर्यंत त्यांच्या संस्थेत, त्यांच्या भाषेत, घरच्यांचं वर्षाला एक पत्र. आणि जन्मभर कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही. हेही तुला पाठ आहे.”

तिला पाठ होतं. त्यातलं बहुतेक तिच्याच टिपणातलं होतं, ते एक पत्र सोडून. टिपणात तिनं एकही पत्र ठेवलं नव्हतं, सरांनी दया दाखवून एक घातलं होतं.

*

घरी तिनं भावाला आणि वहिनीला सगळं सांगितलं. सहस्रा शाळेत होती.

व्यंकटेश तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं. कारखान्यात बारा मागांवर देखरेख करून तिची फी भरली. कोणता टॉवेल कुणी विणला ते तो किनार बघून सांगायचा, त्यामुळं पारखी कसं चालतं हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

“म्हणजे शनिवारी दोघींपैकी एक जाणार,” तो म्हणाला.

“अण्णा, माझ्या डोक्यात एक आहे. मी तिच्यासारखं लिहायला शिकते. पुन्हा विचारायची तिची खोड उचलली, तर माझे एक्क्याण्णवचे पंचाण्णव होतील. आणि तिला माझ्यासारखं लिहायचं विसरायला लावते. तीन दिवस आहेत.”

तिला वाटलं होतं, अण्णा नको म्हणेल. निदान एकदा म्हणेल. मग ती त्याची समजूत घालेल, आणि दोघं रडतील.

“जमेल ना तीन दिवसांत?” व्यंकटेशनं विचारलं.

श्रीलतानं मान डोलावली.

“तू शिकवलंस तिला,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “मी म्हणत होतो, एवढ्याशा पोरीला कशाला हे. म्हणत होतो की नाही?”

“अहो...” वहिनी म्हणाली.

“खोटं बोलतोय का मी?”

वहिनी उठून आत गेली. कपाटाचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मनालीच्या सहलीत घेतलेली जाड शाल होती. ती तिनं श्रीलताच्या मांडीवर ठेवली.

“तिकडं थंडी असते म्हणे,” ती म्हणाली. शनिवारला अजून तीन दिवस होते.

*

गुरुवारी दुपारी शिकवणी सुरू झाली.

“परीक्षा आहे शनिवारी,” श्रीलता म्हणाली. “नवीन पद्धत शिकायची. आधी हाक मारायची नाही. सरळ हुकूम द्यायचा.”

“पण ते झोपलेलं असलं तर?”

“असू दे.”

“दचकेल ना.”

“सहू, लिही.”

सहस्रानं लिहिलं. आधी हाक मारली, मग हुकूम दिला, मग कोरी ओळ सोडली. बोटांना तेच येत होतं.

“पुस. पुन्हा.”

वीस वेळा झालं. पंचविसाव्या वेळी सहस्रानं हाक मारली नाही, पण कोरी ओळ सोडली. श्रीलतानं टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि तिच्या बोटांवर मारली.

या घरात सहस्राला कुणी कधी मारलं नव्हतं. ती रडली नाही. ती आधी पट्टीकडे आणि मग आत्याकडे बघत राहिली, जणू यात काहीतरी वेगळंच बिघडलं होतं आणि ते कुठं बिघडलं ते शोधायला हवं होतं.

“श्वास घ्यायचा नाही?” तिनं विचारलं.

“नाही.”

“तूच म्हणालीस...”

“मी चुकीचं शिकवलं. सगळंच चुकीचं शिकवलं मी तुला. पुन्हा लिही.”

शुक्रवारी दुपारपर्यंत पट्टी दहा-बारा वेळा उचलली गेली. सहस्राची बोटं लाल झाली आणि हात बदलला. आता ती धडाधड, ओबडधोबड लिहू लागली, कुणाला न विचारता आणि कुठं न थांबता. पारखीची एक छोटी नक्कल विभागात अभ्यासाला दिलेली असे, ती श्रीलताच्या संगणकावर होती. तिनं मोजलं. सहस्रा, त्रेसष्ट टक्के. दुसऱ्या कुणाला तो आकडा बघून आनंद झाला असता. श्रीलताला वाटलं, आपण एखाद्या पाखराला चालायला शिकवलंय.

मग ती सहस्राच्या जुन्या वह्या घेऊन बसली आणि स्वतःचा हात बदलू लागली. झोपलास ना? झोपलास ना? प्रत्येक कामानंतर पुन्हा एकदा विचारायचं. मोठ्यांना ते नकोसं वाटतं. यंत्रानं एकदा हो म्हटलं की मोठे विश्वास ठेवतात. मूल खात्री करून घेतं, कारण त्याला मनापासून वाटतं की समोरच्याला खरंच झोप लागावी. संध्याकाळपर्यंत तिचा आकडा शहाण्णव झाला.

सहस्रा दारात उभी होती.

“आत्या, भूगोलाच्या बाई आज सांगत होत्या. पार उत्तरेला हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही म्हणे. दोन-दोन महिने. खरंय?”

श्रीलतानं वही मिटली. मुलगी बातम्या बघत होती, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “सूर्य सगळीकडं उगवतो.”

“रोज?”

“रोज.”

आजवर तिनं सहस्राला शेकडो गोष्टी शिकवल्या होत्या. जाणूनबुजून चुकीची शिकवलेली ही पहिलीच.

सहस्रा जायला निघाली आणि परत वळली. “आणि समजा आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली, तर काय करायचं असतं? मी विसरले.”

ती विसरली नव्हती. सात वर्षांची असल्यापासून तो नियम तिला तोंडपाठ होता, आणि हातपाय आपटून रडण्याच्या तिच्या सवयीवरचा तो आत्याचा इलाज होता: आधी दुरुस्ती, मग रडणं.

“परीक्षेत ते विचारणार नाहीत,” श्रीलता म्हणाली. “जा, आई जेवायला हाक मारतेय.”

*

शनिवारी सकाळी नऊला विभागाच्या प्रयोगशाळेत पडताळणी सुरू झाली. आधी व्यंकटेशला बसवलं. एका बोटानं कळा शोधत त्यानं चार ओळी लिहिल्या, आणि टेंभेकर बाईंनाही हसू आवरलं नाही. “राहू द्या हो, तुमचं काही खरं नाही.” वहिनीनं संगणकाला हातच लावला नाही, तिला तसंच सोडलं. विद्यापीठातली जी सात मुलं श्रीलताकडून कधी शिकली होती, ती कालच लिहून गेली होती. त्यातलं कुणी सत्तरच्या वर गेलं नव्हतं.

मग श्रीलता. तिनं वीस मिनिटांत अडीचशे ओळी लिहिल्या, आणि प्रत्येक कामानंतर पुन्हा विचारलं. पडद्यावर आकडा आला, शहाण्णव पूर्णांक दोन.

टेंभेकर बाईंनी चष्मा खाली ओढला. “संपलं खरं तर,” त्या म्हणाल्या. “पण यादीत आहे म्हणून त्या मुलीचंही घेऊन टाकू. ये गं बाळ. घाबरू नकोस, आत्या अडकली ती काही तुझ्यामुळं नाही.”

श्रीलता भिंतीपाशी उभी राहिली. शाल घडी करून तिनं हातावर घेतली होती. तिच्या मनात भीती नव्हती. त्रेसष्ट म्हणजे कुणीच नाही.

खोलीच्या कोपऱ्यात एक उंच, वाकलेला म्हातारा बसला होता. करारानुसार व्हार्सुंडचा एक साक्षीदार हजर असावा लागे. डिसेंबर असला तरी सोलापुरात पंखा लावावा लागत होता, आणि या माणसानं दोन्ही हातांत पांढरे हातमोजे घातले होते.

सहस्रा खुर्चीत चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“या आजोबांना थंडी वाजतेय का?” तिनं विचारलं.

“नाही बाळ,” टेंभेकर बाई म्हणाल्या. “त्यांची बोटं थंडीनं गेली. अजून जखमा आहेत, म्हणून मोजे. ते त्यांच्या बायकोचे हात चोळत बसले होते तिकडं, यंत्रं सुरू होतील म्हणून.” मग त्यांना वाटलं, लहान मुलीला हे सांगायला नको होतं. “बरं, तू लिही. काहीही सोपं लिही. घरातले दिवे बंद करायचे आणि पुन्हा लावायचे, एवढंच.”

“त्यांच्या गावातली यंत्रं अजून झोपलीयत?”

“हो गं. उठवता येत नाहीत कुणाला. माणसांना शाळेच्या सभागृहात ठेवलंय.”

“सहू,” श्रीलता भिंतीपासून म्हणाली. “सांगितलंय तेवढंच लिही. नवीन पद्धतीनं.”

“बोलायचं नाही हं,” टेंभेकर बाईंनी बजावलं.

सहस्रानं आपल्या लाल बोटांकडे बघितलं. मग आत्याकडे. त्या नजरेत राग नव्हता आणि भीतीही नव्हती. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवता ठेवता ती असंच बघायची: आत्या, आज एक चूक सापडली, बसतेस का शेजारी?

श्रीलतानं जोरात मान हलवली. नाही. नाही. व्यंकटेश दाराशी होता, त्याला काही कळलं नाही. तो खिशातून गाडीची किल्ली काढत होता.

सहस्रा पडद्याकडे वळली. तिनं दिवे बंद करायचा प्रोग्रॅम लिहिला नाही. तिनं ‘झोपी जा’ लिहायला घेतला, पहिल्यापासून, पाठ असल्यासारखा. आधी हाक मारली. मग झोप म्हणाली. मग विचारलं, झोपलास ना? मग दोनदा कळ दाबून एक ओळ कोरी सोडली, आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येईल असा श्वास घेतला.

टेंभेकर बाईंच्या पडद्यावर आकडा चढू लागला. सत्तर. ब्याऐंशी. त्या पुढं वाकल्या. ब्याण्णव. शाल श्रीलताच्या हातातून खाली पडली, आणि “थांब, सहू, थांब गं!” असं ती ओरडली, तेव्हा कुणीतरी तिचा दंड धरला. सहस्रा थांबली नाही. जिथं सूर्य उगवायची वाट बघायची, त्या ओळीपर्यंत ती आली, तेव्हा आकडा नव्व्याण्णव होता.

तिथं तिनं एक नवी ओळ घातली. तिच्याकडून व्हार्सुंडपर्यंत ती पोचेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. ओळ साधी होती. सूर्य उगवला नाही, तरी आठ तासांनी सगळ्यांनी उठायचं.

लिहून झाल्यावर तिनं ती एकदा वाचली. चूक नाही ना, ते पुन्हा एकदा बघितलं. खाली एक ओळ कोरी सोडली. खुर्चीतून उतरून ती हातमोजे घातलेल्या आजोबांपाशी गेली, पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, “केलं दुरुस्त,” आणि मग, नियमाप्रमाणे, सहस्रा रडायला लागली.